काचेच्या दांड्यावरचा नारिंगी

सरांनी तो लेख पुण्यातल्या एका ग्रंथालयात दोन दिवस बसून हातानं उतरवून आणला होता. शंभर पानी वही, निळी शाई, आकृत्या पेन्सिलीनं काढलेल्या. सोलापूरला परत आल्यावर त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली आणि आपल्याला हे जमेल का ते उद्या सांग म्हणाले. मी तेव्हा पंचविशीची होते. बार्शीहून येऊन त्यांच्याच हाताखाली शिकले होते आणि आता त्यांच्याच पदार्थविज्ञान विभागात शिकवत होते. इतरांसमोर ते मला मॅडम म्हणत. प्रयोगशाळेचं दार लोटलं की पुन्हा तू.

लेखातली गोष्ट सांगायला सोपी होती. पेन्सिलीएवढा काचेचा गोल दांडा घ्यायचा. त्यावर पारदर्शक वार्निशचा अगदी पातळ थर चढवायचा, आणि त्या वार्निशमध्ये एक विशिष्ट रंग विरघळवलेला असायचा. थरावर अतिनील किरणांचा झोत मारला की रंग उजळतो, आणि तो प्रकाश बाहेर न निसटता थरातूनच वाहत जातो. असा प्रकाश वाहून नेणाऱ्या थराला वेव्हगाइड म्हणतात. दांडा गोल असल्यामुळे प्रकाश त्याला वळसा घालून निघाल्या जागी परत येतो, पुन्हा फिरतो, आणि फिरता फिरता जोर धरतो. एरवी लेसरला दोन टोकांना आरसे लागतात. इथं आरसेच नव्हते, प्रकाशाचं कडं हाच लेसर. दांड्याला एक छोटा प्रिझम टेकवला की त्यातला थोडा प्रकाश बाहेर काढता येई.

सरांच्या मनात याच्या पुढचं होतं. प्रिझम स्क्रूनं हळूहळू दाबत नेला तर कड्यातून जास्त जास्त प्रकाश गळत जाणार, आणि तसं झालं तर लेसरचा रंग नारिंगीकडून पिवळ्याकडे थोडा सरकायला हवा. म्हणजे स्क्रू फिरवून रंग बदलता येणारा लेसर, आणि तोही सोलापुरात, जिथं विभागाकडं धड एक व्हॅक्यूम पंप नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी जमेल म्हणाले. खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. पण सरांच्या चेहऱ्याकडं बघून नाही म्हणवलं नाही.

मागच्या बाजूला बॅटऱ्या चार्ज करण्याची एक खोली होती, ती आम्ही घेतली. खिडक्यांना काळा पुठ्ठा लावला. अतिनील झोतासाठी नायट्रोजनचा लेसर सरांनी स्वतः बांधला. तांब्याचे पत्रे, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद, आणि एका थिएटरच्या जुन्या निऑन पाटीतून काढलेला ट्रान्सफॉर्मर. तो सुरू झाला की ठिणगीचा ताड ताड आवाज खोलीभर घुमे आणि ओझोनचा उग्र वास येई. सरांचा नियम होता की यंत्र चालू असताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून दोन्ही हातांतून विजेचा प्रवाह जात नाही. मला खिसा नव्हता. मी डावा हात पाठीमागं नेऊन पदर मुठीत धरून ठेवायचे. तरी एकदा नुसता कोपर जवळ गेला आणि मी मागच्या भिंतीवर जाऊन आदळले. दंडावर निळा डाग उठला. बार्शीला गेले तेव्हा उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालून बसले. वडिलांनी पाहिला असता तर नोकरीच सोडायला लावली असती.

भीती मला तेव्हापासूनच होती. यंत्राची होती, डोळ्यांची होती. अतिनील झोत दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट डोळ्यात गेली हे कसं कळणार? रोज संध्याकाळी घरी जाताना मी एक डोळा मिटून दुकानांच्या पाट्या वाचायचे, मग दुसरा मिटून.

प्रयोगशाळेत आमच्याबरोबर एक मामा होते. वळसंगचे शेतकरी घरातले, वीस वर्षं कॉलेजात अटेंडंट होते. दांड्यावर थर चढवायचं काम आमच्याच्यानं होईना. दांडा वार्निशमध्ये बुडवून अगदी संथ आणि एकसारखा वर काढावा लागे. माझा हात थरथरे, सरांचाही. थरात लाटा पडत. मामांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याचा डबा आणला, त्याला तळाशी सुईएवढं भोक पाडलं, डब्यात पाणी भरून त्यावर लाकडाचा ठोकळा तरंगत ठेवला. ठोकळ्याला बांधलेला दोरा वरच्या कप्पीवरून नेऊन दुसऱ्या टोकाला दांडा. पाणी थेंब थेंब गळत जाई, ठोकळा खाली उतरे आणि दांडा वार्निशमधून वर येई.

"माणसाचा हात हालतोय, बाई," ते म्हणाले. "पाण्याला काय घाई न्हाय."

पहिल्याच दांड्यावर थर काचेसारखा चढला.

रंग मी आणला. लेखात जो रंग सांगितला होता तो परदेशी कंपनीच्या बाटलीत मिळे, आणि तो मागवायचा म्हणजे सहा महिने वाट बघायची. पण माझ्या भाड्याच्या खोलीपासून जवळच शहराच्या पूर्व भागात विणकरांची वस्ती होती, आणि तिथं एक वयस्कर तेलुगू रंगारी होते. त्यांच्या अंगणात बांबूंवर सुताच्या लडी वाळत असत. मी रंगाचं नाव चिठ्ठीवर लिहून नेलं. त्यांनी चिठ्ठी न वाचताच मी केलेलं रंगाचं वर्णन ऐकून घेतलं आणि आतून एक पुडी आणली. हिरवट चमक असलेली भुकटी होती, पण पाण्यात टाकली की झगझगीत गुलाबी. हाच तो रंग. मी तो रसायनशास्त्राच्या लोकांकडून अल्कोहोलमध्ये विरघळवून, गाळून शुद्ध करून घेतला.

जानेवारीत एका दुपारी पहिल्यांदा प्रकाश दिसला. सर ठिणगीकडं बघत होते आणि मी दांड्याकडं. गुलाबी थरावर एकाएकी नारिंगी कडं उमटलं, दांड्याला अंगठी घातल्यासारखं, आणि प्रिझममधून एक बारीक धारदार रेघ समोरच्या पुठ्ठ्यावर पडली. सरांनी वळून पाहिलं, यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. कडं पुन्हा उमटलं. मामा दारातून आत आले, बघितलं आणि लई झ्याक म्हणून परत स्टुलावर जाऊन बसले.

मग मी स्क्रू फिरवायला सुरुवात केली. एका वेळी पाव फेरा. प्रत्येक वेळी प्रकाशाचा नेमका रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरमधून रेघ बघायची, त्याच्या ड्रमवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. रेघ सरकत होती. प्रत्येक पाव फेऱ्याला थोडी थोडी, पिवळ्याच्या दिशेनं. तीन आठवडे मी हेच केलं, चार वेगवेगळ्या दांड्यांवर. चारही वेळा रेघ सरकली. सरांनी माझ्या आकड्यांवरून आलेख काढला. इतका सुंदर चढ मी पाठ्यपुस्तकातही पाहिला नव्हता.

त्यांनी टिपण लिहिलं. माझं नाव आधी घातलं, स्वतःचं नंतर. ते एका परिषदेसाठी पाठवून दिलं. आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाकडं टिपणाच्या प्रतीसह अर्ज गेला की आमच्या विभागाला संशोधन केंद्र म्हणून मान्यता मिळावी. मिळाली असती तर सरांना पीएचडीचे विद्यार्थी घेता आले असते, आणि पहिली विद्यार्थिनी मी असणार होते. नाहीतर मला पुण्याला जावं लागणार होतं, आणि वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं की सोलापूरपर्यंत ठीक आहे, त्याच्या पुढं लग्न झाल्यावर बघू. अर्जाला उत्तर लवकर आलं. मार्चच्या शेवटी पुण्याहून एक प्राध्यापक काम बघायला येणार होते. आमच्या हातात साडेतीन आठवडे होते.

प्रात्यक्षिकासाठी नवे दांडे करायचे ठरले, म्हणून मी पुन्हा रंगाऱ्यांकडं गेले. या वेळी त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि एवढ्या रंगाचं तुम्ही करता काय असं विचारलं. कॉलेजातल्या बाईनं पुन्हा पुन्हा तोच रंग न्यावा याचं त्यांना नवल वाटत होतं. मी जमेल तसं समजावलं. लेसर म्हणजे काय, त्यात हा रंग कशाला. ते ऐकत होते. मग त्यांनी मान हलवली.

"हा रंग कच्चा आहे, अम्मा," ते म्हणाले. "आम्ही चादरीला कधी घेत नाही. कागदाच्या फुलांना चालतो. उन्हात दोन दिवस ठेवा, उडून जातो. आधी गुलाबी असतो, मग फिका, मग पिवळट. उजेड याला खातो."

ते अगदी सहज बोलले. पुडी बांधून माझ्या हातात दिली. मी बाहेर आले, आणि कोपऱ्यावर पोचून थांबले.

उजेड याला खातो. आणि आम्ही त्या रंगावर सबंध दुपार, शेकडो वेळा, उन्हाच्या कित्येक पट तीव्र असा झोत एकाच जागी मारत होतो. रंग उडत गेला तर थरातला रंग कमी होणार. आणि रंग कमी झाला की लेसरची रेघ कुठं सरकते? पिवळ्याकडं. स्क्रू दाबल्यावर सरकते त्याच दिशेला.

खोलीवर येऊन मी वही उघडली. पानामागून पान बघितलं. तीन आठवड्यांत, चार दांड्यांवर, मी प्रत्येक वेळी स्क्रू फक्त घट्ट करत गेले होते. एकदाही सैल करून पाहिला नव्हता. पहिला आकडा नेहमी सैल स्क्रूचा आणि ताज्या रंगाचा, शेवटचा नेहमी घट्ट स्क्रूचा आणि थकलेल्या रंगाचा. तो सुंदर चढ स्क्रूचा होता की नुसता रंग उडण्याचा, हे त्या वहीतून सांगता येत नव्हतं. आणि त्या वहीवरून लिहिलेलं टिपण, माझं नाव आधी असलेलं, पोस्टानं गेलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सरांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, आधी खात्री करून घेऊ. सरांचा तास असताना मी यंत्र सुरू केलं, नवा दांडा लावला, स्क्रू हळूहळू घट्ट केला. रेघ सरकली. मग तितकाच सैल केला. रेघ परत यायला हवी होती. आली नाही. जरा हलल्यासारखी वाटली, पण हवं असलेलं दिसतं हे मला तोवर कळलं होतं. मी पुन्हा घट्ट केला, पुन्हा सैल. रेघ आपली पिवळ्याकडंच चालली होती, माझ्या स्क्रूची तिला दखल नव्हती.

मामा स्टुलावर बसून माझ्याकडं बघत होते. बाई, तब्येत बरी न्हाय का, असं त्यांनी विचारलं. मी ऊन लागलंय म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आजही आठवतं. सकाळी गिरणीच्या भोंग्याबरोबर जाग यायची आणि पहिला विचार तोच असायचा. जेवण उतरत नव्हतं. वर्गात फळ्यावर गणित सोडवताना मधेच थांबायचे आणि पुढची ओळ सुचायची नाही. सर रोज नवं काही ठरवत होते. पाहुण्यांना आधी कडं दाखवू, मग रेघ, मग मॅडम स्क्रू फिरवतील. त्यांनी खोलीला चुना लावून घेतला. आलेख मोठ्या कागदावर शाईनं काढून भिंतीवर लावला. माझ्याच आकड्यांचा तो चढ रोज माझ्यासमोर. एकदा मनात असंही आलं की पाहुण्यांसमोर फक्त घट्टच करून दाखवला तर कुणाला काय कळणार आहे? रेघ सरकेल, ते मान हलवतील, केंद्र मिळेल. हा विचार मी एक अख्खा दिवस मनात ठेवला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठव्या दिवशी सकाळी सर मागच्या खोलीत एकटे होते. प्रिझम कापडानं पुसत होते. मी आत गेले, दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रंगारी काय म्हणाले ते, वहीतली स्क्रूची एकच दिशा, सैल केल्यावर न परतलेली रेघ. सर प्रिझम हातात धरून ऐकत राहिले.

"तुला कळून किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"आठ दिवस तू माझ्यासमोर बसून चहा प्यालीस."

त्यांनी प्रिझम डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं, वही मागितली आणि मला तासाला जायला सांगितलं. त्या दिवशी ते जेवायच्या सुट्टीतही बाहेर आले नाहीत. संध्याकाळी माझ्याशी न बोलता सायकल काढून गेले. मी खोलीवर जाऊन बार्शीच्या एसटीचं वेळापत्रक काढून बसले. राजीनामा कसा लिहितात तेही मला ठाऊक नव्हतं, तरी मनातल्या मनात मजकूर तयार केला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीवरचा आलेख काढलेला होता. सर आणि मामा दोघंही आत होते. सरांनी माझ्याकडं न बघता बोलायला सुरुवात केली, जणू कालचंच बोलणं पुढं चालू होतं. दांडा वर सरकवता येतो ना, मग प्रत्येक वाचनाला कोरी जागा घ्यायची. स्क्रू आधी लावायचा आणि मगच झोत, तोही फक्त मोजके फटके. फटके संपले की दांडा सरकवायचा. म्हणजे रंग उडायला वेळच मिळणार नाही.

"आणि स्क्रू तू लावायचा नाहीस," ते म्हणाले. "मामा लावतील. किती ते तू बघायचं नाहीस, मीही नाही."

त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर स्क्रूचा एक आकडा, आणि चिठ्ठ्या डब्यात घालून हलवल्या होत्या. मामा एक चिठ्ठी काढत, त्याप्रमाणे स्क्रू लावत, आपल्या कागदावर लिहून ठेवत आणि व्हय म्हणत. मग सर यंत्र चालू करत आणि मी ड्रमवरचा आकडा वाचून माझ्या नव्या वहीत लिहीत असे. मामांचा कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. पाच दिवस आम्ही असं काम केलं. प्रॅक्टिकलचे वर्ग सांभाळून, मध्ये वीज गेली की पुठ्ठे काढून खिडकीशी वारा खात. सर कामाचं तेवढंच बोलत. मीही. एकदा ठिणगीच्या आवाजानं मी दचकले तेव्हा त्यांनी माझा डावा हात कुठं आहे ते पाहिलं आणि पदर धर म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी मला कामाबाहेरचं बोललेलं तेवढंच.

पाचव्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या संपल्या. सरांनी मामांना कागद काढायला सांगितलं. घामानं तो मऊ झाला होता, पण अक्षर वाचता येत होतं. सरांनी तो कागद आणि माझी वही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि एक एक आकडा आलेखाच्या कागदावर मांडायला सुरुवात केली. मी त्यांच्या मागं उभी होते. मी हात पदरात गुंडाळून घेतले. ठिपके पहिल्यांदा नुसते विखुरलेले वाटले. पावसाचे थेंब पडावेत तसे, वर खाली. मला वाटलं, संपलं. मग हळूहळू, अर्ध्याहून जास्त ठिपके मांडून झाल्यावर, त्यांच्यात एक कल दिसायला लागला. अगदी मंद. सरांनी पट्टी ठेवली, काढली, सरासऱ्या काढल्या, पुन्हा काढल्या.

"आहे," ते शेवटी म्हणाले. "पण थोडा आहे. आपण लिहिलाय त्याचा पाचवा हिस्सा. बाकी सगळा रंग उडण्याचा."

मामांनी म्हंजे चांगलं का वाईट, असं विचारलं. सरांनी खरं आहे एवढंच सांगितलं.

त्याच दुपारी त्यांनी परिषदेला पत्र लिहिलं, की आमच्या निरीक्षणांत त्रुटी आढळली असल्यामुळे टिपण मागं घेत आहोत. टाकण्याआधी मला वाचायला दिलं. त्यात चूक कुणाची याचा उल्लेख नव्हता. मी म्हणाले, वाचनं माझी होती, तसं लिहा. सरांनी नकार दिला. वही तुझी असली तरी सही माझी आहे, आणि स्क्रू सैल करून पाहिला का हे विचारायचं काम माझं होतं, असं ते म्हणाले. पाकिटाला त्यांनी स्वतः तिकीट लावलं. त्यांच्या आयुष्यातलं ते बाहेर गेलेलं पहिलंच टिपण होतं. मला ते माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

पाहुणे ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. उंच, पांढरा बुशशर्ट, फार कमी बोलणारे. मार्चच्या शेवटाचं ऊन पेटलं होतं. मागच्या खोलीत आम्ही चौघं उभे राहिल्यावर श्वास घ्यायला जागा नव्हती. सरांनी यंत्र चालू केलं आणि काहीच झालं नाही. ठिणगी पडेना. पुन्हा बटण. नाही. मामा खाली वाकले, वायरचा सैल झालेला स्क्रू त्यांना दिसला, सरांनी वीज तोडल्यावर त्यांनी तो आवळला. मग कडं उमटलं, नारिंगी, स्वच्छ. पाहुणे जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले. दांड्यावर थर कसा चढवला हे त्यांनी विचारलं. सरांनी मामांचा डबा दाखवला. पाहुण्यांनी पहिल्यांदाच थोडं हसून मामांकडं पाहिलं.

मग ते स्क्रूकडं वळले. अर्जासोबत पाठवलेल्या टिपणात लिहिलं होतं ते दाखवा म्हणाले.

सरांनी तिथल्या तिथं, उभ्यानं, सगळं सांगितलं. जुने आकडे चुकीचे होते, ते का चुकले, नवे किती आले, टिपण मागं घेतलं आहे. आवाज एकसारखा होता. मी त्यांच्या मानेवरून ओघळणारा घाम बघत होते.

"हे कुणाच्या लक्षात आलं?" पाहुण्यांनी विचारलं.

"मॅडमच्या," सर म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्या नाही, आमच्या भागातल्या एका रंगाऱ्यांच्या. आणि कळूनही मी आठ दिवस गप्प होते, हेही मी सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. पण एकदा सुरुवात झाल्यावर अर्धवट ठेवता येईना. मग पाहुण्यांनी दोन्ही वह्या मागितल्या, जुनी आणि नवी, आणि विभागाच्या खोलीत पंख्याखाली बसून तासभर वाचल्या. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. पानं उलटल्याचा आवाज येत होता. जेवताना त्यांनी पुण्यातल्या पाणीटंचाईबद्दल बोलणं काढलं. कामाबद्दल चकार शब्द नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले.

मग सुरू झालं वाट बघणं. एप्रिल गेला, परीक्षा झाल्या, मे गेला. सुट्टीत मी बार्शीला होते. वडिलांनी एक स्थळ आणलं, मी जूनपर्यंत थांबा म्हणाले. जून गेला. रोज पोस्टमन दिसला की मी दारात. पत्र लिहून सरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. कॉलेज सुरू झालं तेव्हा सर वर्गावर जात होते, मी जात होते. मागच्या खोलीत बॅटऱ्या परत आल्या नव्हत्या, पण यंत्रावर चादर टाकलेली होती. विभागातल्या एका ज्येष्ठांनी सर्वांसमोर सरांना ऐकवलं की स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात. सरांनी नुसतं हूं केलं. मी मान खाली घालून हजेरीचे पट लिहीत राहिले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी मी प्रॅक्टिकलच्या वर्गात होते. मुलं लंबकाचे झोके मोजत होती. सर दारात आले. इतरांसमोर ते कधी तसे येत नसत. हातात उघडलेलं पाकीट होतं.

"मॅडम, दोन वर्षांसाठी मान्यता मिळाली आहे. तात्पुरती," ते म्हणाले. "तुमच्या विषयाचंही लिहिलंय. काचेवरच्या थरात रंग कसा उडतो, ते आधी नीट मोजा म्हणताहेत. लेसरचं मग."

मुलं मोजणं थांबवून आमच्याकडं बघायला लागली. सरांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि निघाले. दोन पावलं जाऊन परत वळले, हळू आवाजात म्हणाले, "सोमवारपासून ये. चादर काढायला मामांना सांगितलंय."

मी पत्र वाचलं. पाहुण्यांनी खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती, की नव्या वहीची एक नक्कल आमच्याकडं पाठवावी. त्यापलीकडं कौतुकाचा एक शब्दही नव्हता. वर्ग सुटल्यावर मी खोलीवर गेले. सकाळची भाकरी झाकून ठेवलेली होती, ती दह्याबरोबर सगळी खाल्ली. मग चटईवर आडवी झाले, आणि कितीतरी महिन्यांनी भर दुपारी, गिरणीचा भोंगाही न ऐकता, गाढ झोपले.